हिरवं पडलं

दुधारवाडीत एका रोगाचं नाव कुणी घेत नसे. कोंबड्यांच्या शेडच्या आवारात तर नाहीच नाही. नाव घेतलं की ती बया ऐकते आणि येते, असं जुनी माणसं म्हणत. नव्यांचा त्यावर विश्वास नव्हता, पण नाव तेही घेत नसत. घ्यायची गरजच नव्हती. "हिरवं पडलं" एवढं म्हटलं की पुरे. कोंबडीची शिट हिरवी, पातळ पडू लागली की आठवड्याच्या आत शेड रिकामी होते, हे कृष्णाकाठच्या प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला ठाऊक होतं. ज्याच्याकडे हिरवं पडलं, त्यानं आधी आपलं फाटक लावायचं आणि मग गावाच्या ग्रुपवर तेवढे दोन शब्द बोलून टाकायचे. ते ऐकले की बाकीचेही फाटकं लावत, दारात चुना टाकत, अंड्यांचा टेम्पो वेशीवरच थांबवत. या दोन शब्दांवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती, आणि कुणी ते उगाच उच्चारलेही नव्हते.

उगाच उच्चारले ते पहिल्यांदा शालन खोतनं.

शालन रोज सकाळी, कोंबड्यांना खाद्य घालण्याआधी, पिंजऱ्यांच्या रांगांमधून वाकून चालत जाई. तिची नजर कोंबड्यांवर नसे, पिंजऱ्याखालच्या जमिनीवर असे. घट्ट शिट, वर पांढरी टोपी, म्हणजे तब्येत झकास. पाण्यासारखी म्हणजे उष्मा सोसत नाही. फेसाळ पिवळी म्हणजे पोट बिघडलंय. तिचा नवरा मधुकर पाहुण्यांना सांगायचा, "हिला पेपर दिला की डुलक्या घेती. हितं बघा, काना-मात्रासुद्धा सोडत न्हाई."

चैत्रातल्या त्या सकाळी तिनं पहिल्या रांगेखाली पाहिलं आणि ती जागीच थबकली. दुसऱ्या रांगेखाली तेच. तिसऱ्या, चौथ्या, अगदी नदीकडच्या टोकापर्यंत सगळ्या शेडभर हिरवं. ती तडक बाहेर आली, फाटक लावलं आणि फोन तोंडाशी धरला.

"शालन खोत बोलतीय. आमच्यात हिरवं पडलं."

बघता बघता गाव बंद झालं. विजेवरचा टेम्पो वेशीवरूनच मागं फिरला. पोल्ट्रीवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष रावसाहेब माने यांनी तर आदल्या दिवशी टेम्पोनं शालनच्या शेडवरून फिरून आलेले आपले अंड्यांचे ट्रे अंगणात रचले आणि पेटवून दिले. ट्रे कोरे करकरीत होते.

जनावरांचे डॉक्टर मुजावर पांढरा पोशाख चढवून आले. त्यांनी कोंबड्यांच्या घशात बोळे फिरवले, ते तपासणीच्या पट्टीवर टेकवले आणि वाट पाहिली. रेघ उमटली नाही. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. रेघ नाही. त्यांनी एका कोंबडीचा तुरा दाबून पाहिला, डोळे पाहिले. कोंबडीनं त्यांच्या बोटाला चोच मारली.

"काकू, ह्या माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "खायला काय घालताय?"

तेवढ्यात शेताकडून गमबूट घातलेली वैजयंता धापा टाकत आली. ती शालनची नणंद. गेले काही महिने ती मागच्या शेतात टाक्या बांधून सूक्ष्म शैवाल पिकवत होती, आणि भावजयीच्या कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीनच्या पेंडीऐवजी ते मिसळत होती. सुरुवातीला चिमूटभर, परवापासून भरपूर.

"वैनी, अहो शिट हिरवीच पडणार की! शैवाल वाढवलंय ना आपण!"

"हे मला आत्ता सांगताय, वन्सं?"

"मला वाटलं, तुम्हाला... म्हणजे आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीतच असायचं. रोजचंच. कुणी कुणाला सांगतच नव्हतं."

गावानं पुढं महिनाभर दोघींना सोडलं नाही. "शालनताई, आमच्या बांधावर पण हिरवं पडलंय, जरा डॉक्टर धाडा," असं कुणीही म्हणे. रावसाहेब भेटले की हात जोडत. "माझ्या ट्रेंचं दहावं कधी घालताय तेवढं सांगा, म्हंजे भावकीला कळवतो."

वैजयंता ही मधुकरची सगळ्यात धाकटी बहीण. शालन लग्न होऊन या घरात आली तेव्हा वैजयंता दहावीत होती, आणि तिच्या दोन वेण्या रोज शालनच घालत असे. तरीही नणंद ती नणंद, म्हणून पहिल्या दिवसापासून 'वन्सं' आणि 'तुम्ही'. पुढं वैजयंता शिकली, पुण्यात एका पशुखाद्य कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली, लग्नाचा विषय तिनं कधी पुढं सरकू दिला नाही. सुट्टीला आली की ती नदीकाठच्या शेतात जाऊन उभी राही. त्या शेताला पिढ्यान्‌पिढ्या उसासाठी इतकं पाणी पाजलं होतं, की खालचं मीठ वर आलं होतं. जमिनीवर पांढरा पापुद्रा धरला होता. निचऱ्यासाठी जमिनीखाली नळ टाकले, त्यांतून रोज खारं पाणी बाहेर पडायचं आणि ओढ्याला मिळायचं.

"हेच पाणी पाहिजे मला," ती एकदा म्हणाली. घरच्यांना वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. कापणीच्या वेळचा पाऊस लागोपाठ काही हंगाम सोयाबीन शेंगेतच कुजवून गेला होता. पेंड मिळेनाशी झाली होती, आणि पेंडीशिवाय कोंबडीला प्रथिनं देणार कुठून? सूक्ष्म शैवालात ती असतात हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. एका पेशीचा हा जीव, डोळ्यांना एकटा दिसतही नाही. त्याला सुपीक माती नको, गोडं पाणी नको. ऊन, खारं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू मिळाला की तो एका दिवसात दुपटीनं वाढतो. हा वायू साखर कारखान्यातल्या मद्यार्कासाठी मळी आंबवायच्या टाक्यांतून नुसता हवेत जात होता. वाढलेलं शैवाल गाळून वाळवलं, की त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग प्रथिनांचाच.

अडचण एकच होती. बहुतेक शैवालांची पेशी टणक कवच घालून बसते. कोंबडीच्या पोटातली पाथरी खडे घेऊन दाणे भरडते, पण एवढी बारीक गोष्ट तिच्या तावडीत सापडत नाही. प्रथिनं आत जातात तशीच बाहेर येतात. वैजयंताच्या प्रयोगशाळेत एक वाण निघाला, त्याला हे कवचच नव्हतं. मिठाच्या पाण्यात तो सुखानं वाढे, आणि तिथून उचलून गोड्या पाण्यात टाकला की पाणी शोषून फुगे आणि फटकन फुटे. मग आतलं सगळं कोंबडीला आयतं. कंपनीला खाऱ्या पाण्याची यातायात नको होती, म्हणून तो वाण कपाटात पडून राहिला. वैजयंतानं रीतसर परवानगी मागितली, दीर्घ रजा टाकली आणि चार बाटल्या घेऊन ती माहेरी आली.

कोंबडीला प्रथिनं पचत, पण शैवालाचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, तिला पूर्ण पचत नसे. ते खालून बाहेर पडे. त्यात वाईट काही नव्हतं. पण शालनची मोठी पंचाईत झाली होती.

श्रावण येईस्तोवर गावातल्या सहा-सात शेडनी शैवाल घेतलं. अंड्यातला बलक झेंडूसारखा दिसू लागला. मिरजेच्या बाजारात बायका अंडी उन्हाला धरून बघत आणि "गावरान दिसतंय," म्हणत. कोंबड्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा कमी दगावल्या. शालनला हे सगळं पटत होतं. संध्याकाळी दोघी टाकीच्या कठड्यावर चहा घेऊन बसत, समोर हिरवं पाणी फिरत असे, आणि घरात बोलायला आपलं माणूस आहे याचं तिला बरं वाटे. तरीही ती एकदा बोललीच.

"वन्सं, तुमचं शैवाल गुणाचं हाय. पण मला आंधळी केली त्यानं."

"असं काय म्हणताय?"

"मग काय तर! सगळंच हिरवं. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, कसं वळखू? उद्या खरंच ती आली तर?"

"कॅमेरे बसवू. मान टाकलेली कोंबडी कॅमेऱ्याला लगेच कळते."

"मान टाकल्यावर मला पण कळतं की! त्याला कॅमेरा कशाला? मला आधी कळाय पाहिजे."

दसऱ्याला संघाची बैठक होती. सगळ्या गावानं शैवाल घ्यायचं की सगळ्यांनीच सोडायचं, ते तिथं ठरणार होतं, आणि रावसाहेबांनी जाहीर करून टाकलं होतं, "शालनताई म्हणतील तसं. पहिली फजिती त्यांची झालीय, पहिला मान त्यांचा." गावानं सोडलं तर टाक्या रिकाम्या करून वैजयंताला पुण्याला परतावं लागणार होतं. तिची रजा संपत आली होती. शालननं मनाशी ठरवून टाकलं होतं की 'नको' म्हणायचं. ते तोंडावर सांगायचं धाडस मात्र तिला होत नव्हतं.

एका दुपारी ती चहा घेऊन टाक्यांजवळच्या खोलीत गेली. खोलीत अंधार होता, खिडकीला काळा कागद लावलेला. वैजयंताच्या हातात दुकानदार नोटा तपासायला वापरतात तशी जांभळ्या उजेडाची बॅटरी होती. समोर काचेच्या पेल्यात टाकीतलं हिरवं पाणी. तिनं बटण दाबलं आणि पेल्यातलं पाणी लालभडक झालं, डाळिंबाचा रस ओतावा तसं.

शालननं चहा खाली टेकवला. "अगं बाई! ह्यात काय टाकलं?"

"काही नाही. हरितद्रव्यावर असा उजेड पडला, की त्यातला थोडा ते लाल करून परत टाकतं. शैवाल जोमात आहे का ते मी यावरून बघते."

बॅटरी विझली. पाणी पुन्हा हिरवं. शालन तिथंच उभी होती.

"आणि कोंबडीच्या पोटातनं गेल्यावर?"

"काय?"

"पोटातनं जाऊन बाहेर पडल्यावर पण लाल दिसतंय का?"

"दिसायला पाहिजे... बघितलं नाही मी कधी. मी आपली टाकीपर्यंतच बघत बसले."

"आणि मी नुसतं पिंजऱ्याखाली," शालन म्हणाली. "चला उठा."

चहा तिथंच राहिला. दोघींनी शेडचे गोणपाटाचे पडदे भराभर खाली सोडले. भर दुपारी सांज झाली म्हणून कोंबड्या कुरकुरल्या आणि गप्प झाल्या. वैजयंतानं बॅटरी लावली.

पिंजऱ्यांखालची जमीन लाल उमटली. रांगच्या रांग, कुंकवाचा सडा घातल्यासारखी. शालन सवयीनं वाकली आणि चालू लागली. मधेच एका पिंजऱ्याखाली ती थांबली. तिथली ताजी शिट उजेडातही काळीच होती. तिनं वर पाहिलं. पिसं फुगवून एक कोंबडी कोपऱ्यात बसली होती. शालननं तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. रिकामी.

"हिनं सकाळपासनं खाल्लेलं न्हाई."

वैजयंता हलक्या आवाजात बोलू लागली, आपल्याशीच बोलावं तशी. "आजारी पक्षी आधी खाणं सोडतो. मग जे हिरवं पडतं ते पित्ताचं. पित्तात हरितद्रव्य नसतं, म्हणून ते लाल होणार नाही. वैनी, दिवसाउजेडी दोन्ही हिरवं दिसतं, पण या उजेडात..."

"या उजेडात जेवली ती लाल आणि उपाशी ती काळी," शालननं वाक्य संपवलं. "मला पुन्हा वाचाय येतंय, वन्सं."

त्या कोंबडीचं अंडं अडकलं होतं, एवढंच. शेक दिल्यावर दुसऱ्या दिवशी तीही लाल झाली. शैवालवाल्या सगळ्या शेडना शालननं स्वतः जाऊन बॅटरी दाखवली. रावसाहेब म्हणाले, "म्हंजे आता लाल असलं की हिरवा कंदील. डोस्कं फिरवता राव तुम्ही दोघी."

घट बसले. दसरा पाच-सहा दिवसांवर आला. एका पहाटे शालन बॅटरी घेऊन शेडमध्ये शिरली. पहिली रांग लाल, दुसरी लाल. नदीकडच्या टोकाला, जिथं जाळीवर रानपारवे येऊन बसत, तिथं अंधार होता. एका पिंजऱ्याखाली नव्हे, सगळ्या कोपऱ्याखाली.

तिनं खाद्याच्या पन्हळीत हात घातला. काल संध्याकाळचं खाद्य तसंच. पाण्याची नळी दाबून पाहिली, पाणी येत होतं. कोंबड्या उभ्या होत्या, माना सरळ होत्या. दिवसा कुणी पाहिलं असतं तर काही वेगळं दिसलं नसतं.

डॉक्टर मुजावर जतकडे शिबिराला गेले होते. "उद्या सकाळी पहिला तुमच्याकडं येतो, काकू," ते फोनवर म्हणाले.

वैजयंता कोपऱ्याकडे बघून आली. तिचा चेहरा उतरला होता. "वैनी, आपलं फाटक आत्ताच लावू. पण गावाला सांगायचं ते उद्या सांगू. पट्टीवर रेघ दिसू दे. आज पुन्हा खोटं ठरलं तर पुढं तुमचं कुणी ऐकणार नाही. आणि बैठकीत..." ती थांबली. बैठकीत गाव शैवाल सोडून देईल, हे दोघींना ठाऊक होतं.

"टेम्पो काल पहिला आपल्याकडं आलता," शालन म्हणाली. "हितनं साऱ्या गावात फिरला. आज परत फिरंल. उद्यापर्यंत थांबले तर मी गावाला काय तोंड दाखवू?"

ती फाटकाबाहेर आली. फोन तोंडाशी धरला. "शालन खोत बोलतीय. आमच्यात हिरवं..."

आणि तिचे शब्द थांबले. निम्म्या गावात आता रोजच हिरवं पडत होतं. या दोन शब्दांनी आता कुणी फाटक लावणार नव्हतं. फार तर कुणीतरी बांधावरच्या गवताचा विनोद करणार होतं. तिनं निरोप पुसला. गावानं जो शब्द इतकी वर्षं जपून ठेवला होता तो त्यांनी दोघींनीच बाद करून टाकला होता, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी तयार केला नव्हता. उरला होता तो एकच.

"वन्सं, तुम्ही जरा लांब जा," ती म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वैजयंता हलली नाही. उलट जवळ येऊन उभी राहिली.

शालननं पुन्हा फोन धरला.

"शालन खोत बोलतीय. आमच्या शेडमध्ये मानमोडी आलीय. मानमोडी म्हणतीय मी. हिरव्याचं सोडा. फाटकं लावा, टेम्पो थांबवा आणि आत्ताच्या आत्ता पाण्यातनं लस पाजा."

हे नाव एखाद्या बाईच्या तोंडून, भर सणात, फोनवर ऐकायची गावावर ही पहिलीच वेळ होती. मग ग्रुपवर एक आवाज आला. "फाटक लावलं." पाठोपाठ दुसरा. "लावलं." "आमचंबी." "टेम्पो वेशीवर धरलाय." विनोद कुणी केला नाही. सगळ्यात शेवटी रावसाहेबांचा आवाज आला, मागं जाळाचा तडतड आवाज ऐकू येत होता.

"ट्रे पेटवलं, शालनताई."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पट्टीवर रेघ उमटायला वेळ लागला नाही. नदीकडचा कोपरा गेला. तिथल्या कोंबड्या वाचल्या नाहीत, त्या पुरताना शालनला जड गेलं. पण बाकीची शेड वाचली. टेम्पोमागं रोग आणखी दोन शेडमध्ये शिरला होता, तिथं लस वेळेत पोहोचल्यानं तो फार पसरला नाही. "एक दिवस उशीर झाला असता, तर मी इथं नुसता मोजायला आलो असतो," डॉक्टर मुजावर म्हणाले.

दसऱ्याची बैठक फाटकं बंद असल्यानं फोनवरच झाली. रावसाहेबांनी विचारलं, "बोला, शालनताई. शैवाल घ्यायचं का सोडायचं?"

"घ्यायचं," शालन म्हणाली. "पण ज्याच्या शेडात बॅटरी न्हाई, त्याला वन्सं मूठभर पण देणार न्हाईत. आणि मानमोडीचं नाव घ्यायला भ्यायचं न्हाई इथनं पुढं. आली तर आली म्हणायचं."

"आणि हिरवं पडलं तर?" कुणीतरी मागून विचारलंच.

"पडू दे की. म्हंजे पोटभर खाल्लंय."

गाव बऱ्याच दिवसांनी मोकळं हसलं.

थंडी सुरू होता होता वैजयंता राजीनामा द्यायला आणि खोलीतलं सामान आणायला पुण्याला गेली. तिच्या मागं टाक्या शालन बघत होती. रोज पेला भरायचा, खोलीत न्यायचा, पाणी लाल झालं की पुन्हा टाकीत ओतायचं. टेम्पोवाला पोरगा फाटकाशी थांबला की आता "सगळं बरं का?" असं विचारत नसे. "काय काकी, हिरवं?" असं विचारे. शालन आतून ओरडे, "हिरवं!" आणि ट्रे चढवले जात. हे बोलणं कुणी सुरू केलं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती कठड्यावर एकटीच चहा घेत बसली होती, तेव्हा फोन वाजला.

"वैनी, हिरवं ना सगळं?"

"हिरवंगार. टाकी तर अशी फुललीय, बघतच बसावं. तुमचं काय? जेवलात का?"

तिकडं खोकी ओढल्याचा आवाज.

"हो... म्हणजे, आता बसतेच आहे."

"राहू दे, वन्सं," शालन म्हणाली. "बॅटरी मारायला नको, मला हितनं काळं दिसतंय. आधी जेवून घ्या. खोकी मग भरा."